सुगंध लिंबाचा, कसोटी पत्तीची

लिंबाच्या जातीच्या फळाचा सुवास दिलेला काळा चहा जगभर 'अर्ल ग्रे' या नावाने विकला जातो. आखातातून येणारा नातेवाईक त्याचा डबा आणतो, आपल्याकडचे दुकानदार सुटी पत्तीही देतात. आमचा धंदा कापडाचा. परंतु या चहाने आम्हांला एकदा चांगलाच धडा शिकविला, म्हणून हे चार शब्द.

2018 च्या रमजान ईदला आम्ही चाळीस गिऱ्हाइकांना ही पत्ती पाव-पाव किलो भेट दिली. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून सुटी घेतली होती. पोते उघडताच दुकान दरवळले आणि तेवढ्यावरच आम्ही सौदा केला. चार दिवसांनी एक जुने गिऱ्हाईक अदबीने म्हणाले, "शेठ, राग मानू नका. वास आहे, चहा नाही." करून पाहिला तर खरेच! रंग मातकट, चव पाण्याची, वर घशाला खवखव. तीस वर्षे आम्ही कापडाची खळ बोटांनी चोळून ओळखतो, पहिल्या धुण्यानंतर मागे किती सूत उरेल हे लोकांना सांगतो. आणि येथे स्वतःच खळीवर भाळलो! चाळीसही घरी दुसरी चांगली पत्ती पाठविली, तेव्हा कुठे त्या लोकांसमोर बसता आले.

ही हिकमत जुनी आहे. हलक्या पत्तीला या फळाच्या तेलाचा वास देऊन ती उंची चहा म्हणून विकल्याचा आरोप इंग्लंडात 1837 मध्येच एका कंपनीवर झाला होता. ज्यांच्या नावाने हा चहा ओळखला जातो ते चार्ल्स ग्रे 1830 ते 1834 या काळात इंग्लंडचे पंतप्रधान होते. कोणा चिनी अधिकाऱ्याने उपकाराची फेड म्हणून त्यांना ही कृती दिली, असा किस्सा डब्यांवर छापतात. ग्रे साहेब चीनला कधी गेलेच नाहीत. व्यापाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवावी ती दुसऱ्या कारणाने: त्यांच्याच सरकारने 1833 च्या कायद्याने चीनच्या चहावरील ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडली.

सुवास येतो तो बर्गमॉट या फळाचा. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियाच्या किनारपट्टीवर त्याच्या मुख्य बागा आहेत. रस कडू-आंबट, किंमत सालीच्या तेलाला. सुमारे 200 किलो फळांतून किलोभर तेल निघते. कोलन वॉटरमध्येही हेच तेल पडते. इतके महाग तेल म्हटल्यावर स्वस्त पत्तीत बनावटी अर्क असणार, हे अत्तरवाल्या बंधूंना सांगायला नको. आपल्या सुलेमानी चहात लिंबाचा रस पिळतात. येथे रसाचा संबंध नाही, सारे काम सालीचे.

घेताना थोडी पत्ती उघड्या बशीत रात्रभर ठेवावी. वास पुष्कळसा उडाल्यावर तिचा चहा करून प्यावा. तोही गोड लागला तर माल घ्यावा. पत्ती लांब, वळलेली असावी. ममरीत हा सुवास दबून जातो.

करण्याची रीत सोपी आहे, पण आपल्या सवयीच्या उलट. पातेल्यात पत्ती उकळायची नाही. वाफेबरोबर सुगंध जातो आणि मागे कडूपणा राहतो. किटली गरम पाण्याने विसळून घ्यावी, कपामागे लहान चमचाभर पत्ती टाकावी, उकळते पाणी ओतून झाकण लावावे. तीन मिनिटे पुरेत. चार झाली की तुरटपणा येतो. गाळून साखर चवीपुरती घालावी. दूध घालणारे घालतात. आम्हांला बिनदुधाचाच आवडतो, बिर्याणीनंतर तर खासच.

डबा घट्ट झाकणाचा हवा आणि मसाल्यापासून लांब. आम्ही तो दुकानात ठेवीत नाही. ताग्यांत डांबराच्या गोळ्या असतात आणि चहाची पत्ती शेजारचा वास लगेच ओढून घेते. एकदा तसाही चहा पिऊन झाला आहे.