ई-आधारवरचं पिवळं प्रश्नचिन्ह

मुंबईत तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर ज्यांना माहुलच्या ७२ इमारतींच्या वसाहतीत आणून बसवलं, त्यांना आधारवर नवा पत्ता चढवणं आलंच. झेरॉक्सच्या दुकानात ई-आधार डाउनलोड करून ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडलं, की सहीच्या जागी अनेकदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, सोबत ‘व्हॅलिडिटी अननोन’. ते तसंच छापून नेलं, तर खिडकीपलीकडचा बाबू कागद परत सरकवू शकतो. खोट आधारात नसते. साशंक असतो तो दुकानातला संगणक.

डिजिटल सही करताना फाइलचा गणिती ठसा काढून त्यावर खासगी किल्ली चालवतात. एक अक्षर जरी बदललं तरी ठसा जुळत नाही, एवढं संगणक स्वतः तपासतो. पण किल्ली खरोखर आधार प्राधिकरणाची कशावरून? त्याची हमी परवानाधारक प्रमाणन संस्था प्रमाणपत्राद्वारे देते. तिची हमी देतो माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खालचा नियंत्रक, म्हणजे सीसीए. त्याच्या वर कोणी नाही. त्याच्या मूळ प्रमाणपत्रावर त्याचीच सही असते. ते मानायचं की नाही, हे गणित सांगू शकत नाही. माणसाने ठरवून संगणकात बसवावं लागतं.

दुकानात हे दोन मिनिटांचं काम. प्रश्नचिन्हावर राइट क्लिक, प्रमाणपत्रांच्या साखळीतून ‘सीसीए इंडिया’ निवडून विश्वासाच्या यादीत टाकायचं. पुढच्या प्रत्येक आधारवर हिरवी खूण आपोआप येते.

पाचशे संगणकांच्या कचेरीत मात्र टेबलोटेबली फिरणं परवडत नाही. तिथे सिस्टिम ॲडमिन प्रमाणपत्र एकदाच विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत ठेवतो. डोमेनला जोडलेले संगणक साधारण दर ९० मिनिटांनी ती पाहून जातात. त्यात ३० मिनिटांपर्यंतची अनियमित भर असते, नाहीतर सगळे एकदम सर्व्हरवर तुटून पडतील. मेख अशी, की ॲक्रोबॅट स्वतःची वेगळी यादी बाळगतो. विंडोजची यादी मानण्याची सेटिंगही सोबत धाडली नाही, तर प्रश्नचिन्ह जागचं हलत नाही. मग ॲडमिन बिचारा दिवसभर ‘अहो, टाकलंय’ म्हणत बसतो.

पण चुकीचा विश्वासही याच वेगाने पसरतो. संकेतस्थळांची ओळखही ब्राउझर अशाच प्रमाणपत्रांवरून पटवतात. जुलै २०१४ मध्ये सीसीएच्या साखळीतल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. सीसीए मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ती खरी मानू शकत होता. फायरफॉक्सची यादी स्वतःची, त्यात सीसीए नव्हताच, म्हणून तो वाचला. सीसीएने एनआयसीची प्रमाणपत्रं रद्द केली. मायक्रोसॉफ्टनेही त्यांवरचा विश्वास काढून घेणारी यादी धाडली, आणि नव्या विंडोजवर ती आपसूक लागू झाली. गूगलने तर क्रोममध्ये सीसीएला कुंपणच घातलं: यापुढे ‘जीओव्ही डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’ अशा मोजक्या पत्त्यांपुरतीच त्याची हमी चालेल.