घरचा संगणक : नुसता झोपवू नका, सुप्त ठेवा



ऊस नोंदीच्या निमित्ताने वस्त्यांवर जाणे होते. हल्ली पुष्कळ घरांत मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला संगणक दिसतो, आणि तो बहुधा चालूच असतो. समोर कोणी नाही, पडद्यावर रंगीत मासे पोहताहेत. विचारले तर घरधनी म्हणतात, "स्क्रीन सेव्हर आहे साहेब, वीज वाचते." वीज काही वाचत नाही. पडदा पूर्ण बंद झाला तरच वाचते.

टेबलावरचा संगणक पडद्यासकट नुसता बसून ६० वॅट घेतो असे धरा. रोज १० तास विनाकारण चालला, तर महिन्याला १८ युनिट झाले.

यावर दोन सोयी संगणकातच आहेत. पहिली 'स्लीप'. चालू काम मेमरीत राहते आणि ती जागी ठेवायला थोडे वॅट लागतात. बटण दाबले की लगेच जागा. दुसरी 'हायबरनेट'. यात चालू काम डिस्कवर उतरवून संगणक बंदच होतो. सुरू व्हायला जरा वेळ जास्त लागतो, पण उघडलेले सगळे होते तसे समोर येते. बेडूक जमिनीत सुप्त पडून राहतो आणि पाऊस लागला की बाहेर येतो, तसेच म्हणा ना.

आपल्याकडे हायबरनेटच बरे, कारण लाईटचा भरवसा नाही. मी स्वतः ठेच खाल्ली आहे. लागणीचे गटवार क्षेत्र घरी टाईप करीत होतो. जेवायला उठताना संगणक स्लीपमध्ये टाकला आणि लाईट गेली. साध्या स्लीपमधले काम विजेविना टिकत नाही. दोन तासांची मेहनत, सेव्ह केलेली नव्हती, सारी गेली. घरच्यांचे बोलणे खाल्ले ते वेगळेच. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याला थोड्या वेळापुरते स्लीप चालेल.

विंडोजमध्ये हायबरनेट बहुधा यादीत दिसत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स' उघडा. डाव्या बाजूला पॉवर बटणाने काय करावे ते ठरवण्याची ओळ आहे, ती दाबा. मग वरची 'चेंज सेटिंग्ज' ही ओळ दाबली की खाली हायबरनेटचा चौकोन येतो. त्यात खूण करून सेव्ह करा. तिथेच, पडदा ५ मिनिटांनी बंद व्हावा असेही ठरवून टाका.

हायबरनेट केल्यावर दिवे विझून पंखा थांबला, की बोर्डावरचे बटण खुशाल बंद करा, काम जात नाही. त्याआधी मात्र घाई नको. कुणाला जमले नाही तर नोंदीच्या कामाला गट ऑफिसात आलात की सांगा, तिथल्या संगणकावर करून दाखवीन.

— ऊस विकास अधिकारी