क्लच घसरतो, यात त्याचा गुन्हा काय?

जामनेर तालुक्यातलं पहूर म्हणजे कपाशीचा मुलूख. शेवटची वेचणी आटोपली की वावरात उरते ती पऱ्हाटी. 2017 साली गुलाबी बोंडअळीने राज्यभरचा कापूस पोखरला, तेव्हापासून ‘फरदड (वेचणीनंतर राखलेलं खोडवं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत काढा’ हे कृषी खात्याचं सांगणं शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. या कामाला ट्रॅक्टरमागचं श्रेडर सोयीचं. पण त्याच्याबरोबर ‘क्लच गेला’ ही तक्रारही येते. माझं म्हणणं असं, की पात्यांच्या यंत्राचा क्लच आपणहून क्वचितच जातो. बहुतेकदा तो घालवलेला असतो.

आधी कोणता क्लच, ते ठरवायला हवं. ट्रॅक्टरच्या डबल क्लचचं पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा. जुन्या सिंगल क्लचमध्ये दोन्ही एकदमच थांबत, त्यामुळे गचका आला की पातीही मंदावत. चाकं थांबली तरी पीटीओ फिरता ठेवण्याची सोय कॅनडाच्या कॉकशट 30 या ट्रॅक्टरने 1946 साली बाजारात रुजवली. दुसरा क्लच पीटीओ शाफ्टवर असतो: घर्षणाच्या चकत्या, त्यांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगा. मिनिटाला 540 फेऱ्यांवर 40 अश्वशक्ती घेणाऱ्या शाफ्टला सुमारे 520 न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. पातं दगडावर आदळलं की हा पीळ क्षणात कितीतरी वाढतो. तेव्हा चकत्या घसरतात आणि गिअरबॉक्स वाचतो. म्हणजे घसरणं हेच त्या क्लचचं काम.

खरी गोम दोन हंगामांच्या मधल्या काळात आहे. हंगाम सरला की श्रेडर शेडच्या कडेला पडतं, पावसाळा अंगावर घेतं आणि चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. पुढच्या हंगामात असा क्लच घसरतच नाही. मालकाला वाटतं, चांगला घट्ट आहे. म्हणून काम सुरू करण्याआधी इंजिन बंद करून, किल्ली काढून स्प्रिंगांचे नट सैल करावेत, चकत्यांच्या कडेवर खडूची आडवी रेघ ओढावी, माणसं दूर सारून पीटीओ दोन-तीन सेकंद चालवावा आणि सगळं थांबल्यावर पाहावं. रेघ तुटलेली दिसली तर चकत्या मोकळ्या झाल्या. अखंड राहिली तर क्लच उघडून साफ करावा. मग पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच नट आवळावेत.

जादा भार आला की स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणाऱ्या शिअर बोल्टची गत याहून वाईट. बोल्टच्या डोक्यावर 4.6 किंवा 10.9 असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की ताणाची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. 4.6च्या जागी 10.9 टाकला की बोल्ट अडीचपट तगडा झाला. मग तुटायचं काय? गिअरबॉक्सचे दात.

यावर भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा म्हणेल, दर तासाला बोल्ट बदलत बसलो तर एकर उरकायचे कधी? रास्त आहे, पण बोल्ट वारंवार तुटतो तेव्हा दोष पात्यांत, वेगात किंवा दगडांत शोधायचा असतो. बोथट पातं पऱ्हाटी कापत नाही, ठेचतं. डिझेल वाचवायला फेरे 450वर आणले तर फिरत्या पात्यांतली ऊर्जा तीस टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते; जाड बुंध्याशी पाती अडतात आणि क्लचवर भार येतो. डिझेल वाचवायचंच तर इकॉनॉमी पीटीओ वापरावा, त्यात इंजिन मंद असलं तरी शाफ्ट 540वरच राहतो. रबर जळाल्याचा वास आला तर आधी पट्टे तपासावेत. पुष्कळदा ते ढिले असतात आणि बोल क्लचला लागतो.

शहरातल्या हिरवळीवरच्या, बसून चालवायच्या यंत्रालाही हाच न्याय. तिथे अनेकदा 12 व्होल्टचा विद्युतचुंबकी क्लच असतो. पाती फिरेनात म्हणून तो बदलण्याआधी बॅटरी, फ्यूज, सीटखालचा स्विच आणि वायरचा सांधा पाहावा. मात्र तो स्विच कायमचा जोडून टाकू नये. माणूस खाली पडला की पाती थांबवायचं काम तोच करतो. दोन्ही यंत्रांत संरक्षणाचा भाग अडचण वाटतो आणि तोच आधी निकामी केला जातो. तेव्हा या हंगामात श्रेडर जोडण्यापूर्वी एवढं तरी करा: बोल्टच्या डोक्यावरचा आकडा पुस्तिकेशी ताडून पाहा.