कोंबडीच्या मांसावरील जंतूंची मोजदाद

मांस ताजें दिसलें व त्यास दुर्गंधि नसली, म्हणजे तें निर्दोष आहे असें आपण समजतों. परंतु या कामीं नेत्र व नासिका दोन्हीं अपुरीं पडतात. मग जे जंतु दिसतच नाहींत, ते मोजावयाचे कसे?

एकटा जंतु दिसत नाहीं. पण त्यास अन्न व ऊब मिळाली कीं एकाचे लक्षावधि होतात, आणि त्यांची वसाहत ठिपक्याच्या रूपानें नुसत्या डोळ्यांस दिसूं लागते. घट्ट पोषकद्रव्यावर जंतु वाढविण्याची ही रीत जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनीं १८८१ सालीं जगापुढें मांडली. त्यांचे सहाय्यक पेट्री यांनीं १८८७ सालीं त्यासाठीं झांकणाची उथळ बशी योजिली. ती आजही वापरांत आहे.

अमेरिकेच्या कृषिखात्याच्या प्रयोगशाळांसाठीं संबंध कोंबडी निर्जंतुक पिशवींत घालून, तींत ४०० मिलिलिटर निर्जंतुक द्रावण ओतून, एक मिनिटभर हलवितात. त्यामुळें मांसावरील पुष्कळ जंतु द्रावणांत उतरतात. या द्रावणाचा एक भाग नऊ भाग निर्जंतुक द्रवांत मिसळला म्हणजे जंतु दसपट विरळ होतात. पुन्हां तसेंच केल्यास शतपट. यांतील एक मिलिलिटर बशींतील पोषकद्रव्यावर घालून ती ३५ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत दोन दिवस ठेवितात.

समजा, ५२ ठिपके उगवले. प्रत्येक ठिपका एका जंतूपासून किंवा जंतूंच्या एका पुंजक्यापासून झाला असें धरितात. तेव्हां ५२ गुणिले १०० म्हणजे मूळ द्रावणाच्या एका मिलिलिटरांत ५,२००, व सबंध द्रावणांत २०,८०,००० जंतु झाले! ठिपके २५ हून कमी किंवा २५० हून अधिक असले, तर ती गणना भरंवशाची मानीत नाहींत.

तथापि या संख्येवरून स्वच्छता कळते, निर्धोकपणा नव्हे. साल्मोनेला नामक रोगजंतु थोडा असला तरी घातक ठरूं शकतो. म्हणून त्याच्याविषयीं 'किती?' असें न विचारतां प्रथम 'आहे कीं नाहीं?' असेंच विचारितात. द्रावण रात्रभर उबेंत ठेवून त्यांतील जंतु वाढूं देतात व मग त्याचा शोध घेतात.

यांत गृहिणींनीं घेण्याजोगा बोध आहे. कच्चें मांस नळाखालीं धुतल्यानें जंतु नाहींसे होत नाहींत. उलट शिंतोड्यांबरोबर ते भांड्यांवर व कोशिंबिरीवर पसरतात. सुरी, पाट व हात साबणानें धुवावे, आणि मांस आंतपर्यंत ७४ अंश सेंटिग्रेड तापेल असें शिजवावें. जंतु मोजणें हें प्रयोगशाळेचें काम; त्यांचा नाश करणें हें चुलीचें.