अनुरूप अवस्थांचा सिद्धांत

अनुरूप अवस्थांचा सिद्धांत हे शुद्ध वायू व द्रव यांचे ऊष्मागतिक गुणधर्म प्रत्यक्ष मापनाशिवाय अनुमानण्याचे साधन आहे. डच भौतिकशास्त्रज्ञ योहानेस वान डर वाल्स यांनी तो १८८० मध्ये मांडला. पदार्थाचे तापमान व दाब यांना त्याच्या क्रांतिक तापमानाने व क्रांतिक दाबाने भागले असता अनुक्रमे लघुकृत तापमान व लघुकृत दाब मिळतात. ही दोन्ही मूल्ये समान असलेले पदार्थ अनुरूप अवस्थेत असतात आणि त्यांचे वर्तन जवळजवळ सारखे असते, असे हा सिद्धांत सांगतो.

उदाहरणार्थ, मिथेनचे क्रांतिक तापमान १९०.६ केल्विन व क्रांतिक दाब ४.६० मेगापास्कल आहे. २८६ केल्विन व ९.२ मेगापास्कल या स्थितीत त्याचे लघुकृत तापमान १.५ आणि लघुकृत दाब २ येतो. आरगॉन याच अवस्थेत असतो तो २२६ केल्विन व ९.७ मेगापास्कल असताना. दोहोंचा संपीड्यता गुणांक सुमारे ०.८३ भरतो. येथे आदर्श वायूचे समीकरण वापरल्यास घनता सुमारे १७ टक्क्यांनी कमी येईल. टाकी किंवा वाहिनीच्या आराखड्यात ही चूक क्षुल्लक नव्हे.

एडवर्ड गुगेनहाइम यांनी १९४५ मध्ये निऑन, आरगॉन, नायट्रोजन, मिथेन इत्यादींच्या द्रव व बाष्प घनता एकाच वक्रावर बसतात हे दाखवले. लांबट किंवा ध्रुवीय रेणूंच्या बाबतीत मात्र दोन राशी पुरेशा ठरत नाहीत. यासाठी केनेथ पिट्झर यांनी १९५५ मध्ये अकेंद्रीयता गुणांक ही तिसरी राशी आणली. लघुकृत तापमान ०.७ असताना आरगॉनचा बाष्पदाब क्रांतिक दाबाच्या सुमारे एक दशांश असतो. इतर पदार्थांचा बाष्पदाब त्याहून किती कमी आहे, हे या राशीत दशमान लॉगॅरिथमने मोजले जाते. तिचे मूल्य आरगॉनसाठी जवळपास शून्य, तर कार्बन डायऑक्साइडसाठी सुमारे ०.२२ आहे. १९७५ ची ली-केस्लर पद्धत याच कल्पनेवर आधारलेली असून तिच्यात आरगॉनसारख्या साध्या द्रायूच्या जोडीला ऑक्टेन हा संदर्भ पदार्थ घेतला जातो. एन्थॅल्पी व एन्ट्रॉपी यांचे आदर्श वायूपासूनचे विचलनही तीवरून काढता येते.

हायड्रोजन बंधांमुळे पाणी व अल्कोहोल यांच्यासाठी ही अनुमाने कमी विश्वासार्ह ठरतात. अतिशय हलक्या हेलियम व हायड्रोजन यांच्यात पुंज परिणामांमुळे विचलन आढळते. तरीही, लायडन येथे १९०८ मध्ये हेलियमचे द्रवीकरण करणाऱ्या कामरलिंग ओन्नेस यांना त्याच्या क्रांतिक तापमानाचा आगाऊ अंदाज याच सिद्धांताच्या आधारे बांधता आला होता.