जुने पिस्टन हेलिकॉप्टर : तासांआधी वर्षे मोजा

हलके पिस्टन हेलिकॉप्टर म्हणजे टर्बाइनऐवजी पिस्टन इंजिनावर चालणारे, दोन ते चार आसनांचे यंत्र. रॉबिन्सन कंपनीचे आर-२२ (प्रमाणपत्र १९७९) दोघांचे, आर-४४ (१९९२) वैमानिकासह चौघांचे. दोन्हींचे संपूर्ण ओव्हरहॉल (यंत्र उघडून पूर्ण दुरुस्ती) २,२०० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा. म्हणूनच ११ वर्षांत फक्त ४०० तास उडालेले हेलिकॉप्टर 'कमी वापरलेले' म्हणून स्वस्त समजू नये. ओव्हरहॉलचा, म्हणजे सर्वांत मोठा, खर्च वर्षभरावर आलेला असतो. इंजिन ठणठणीत असताना खर्च कशाला, असे विक्रेते म्हणतात. पण उभ्या यंत्रालाही गंज चढतो, रबरी सील वाळतात. मुख्य पात्याच्या टोकाकडे, खालच्या बाजूला पत्रा चिकटवलेली जोडरेषा असते. तिथला रंग झिजला की पत्रा सुटण्याचा धोका वाढतो. खरेदीआधी ती रेषा पाहावी.

हेलिकॉप्टर चंडीगडला ठेवणार असाल, तर : तिथे हवाई दलाचा ३ बेस रिपेअर डेपो आहे, मग दुरुस्तीची चिंता नको, हा समज चुकीचा. त्या डेपोत रशियन एमआय मालिकेची लष्करी, टर्बाइनवाली हेलिकॉप्टरे ओव्हरहॉल होतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर. पण ४० अंश तापमानात हवा ४ हजार फुटांवरच्याइतकी विरळ होते. शिमला तर २,२०० मीटरवर. उन्हाळ्यात चारही आसने भरून तिकडे जाण्याचा हिशेब धरू नये. इंधन एव्हगॅस (विमानांचे पेट्रोल) १०० एलएल. जेट विमानांचे चालत नाही. भारतीय नोंदणीचिन्ह व्हीटी; नोंदणी व उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए). लॉगबुकात (उड्डाण व देखभालीच्या नोंदवहीत) खंड असेल, तर सौदा सोडावा.