धुक्याच्या वाटेवर : रात्री आणि खराब हवामानात वाहन चालविताना

महाराष्ट्रातून बदली होऊन चंडीगडला येणाऱ्यास या शहराचे रस्ते प्रथमदर्शनीच मोहवून टाकतात. ल कार्बूझिए यांच्या आराखड्यातून साकारलेले सेक्टर, रुंद मार्ग, चौकाचौकांतील प्रशस्त वाहतूक बेटे आणि दुतर्फा झाडी पाहून वाहन चालविणे येथे किती सुखाचे, असे वाटते. परंतु डिसेंबरच्या उत्तरार्धात हेच रस्ते दाट धुक्यात दिसेनासे होतात आणि अनुभवी चालकाचीही कसोटी लागते.

धुके मराठी माणसास नवे नाही. पावसाळ्यात आंबोली, माळशेज वा महाबळेश्वरच्या वाटेवर ते आपल्याला भेटतेच. ते धुके म्हणजे डोंगराला टेकलेला ढग असतो. वाऱ्याबरोबर तो येतो, वाऱ्याबरोबर विरतो आणि घाट उतरला की मागे राहतो. उत्तरेकडील मैदानी धुके मात्र जमिनीतूनच जन्म घेते. निरभ्र, निवांत रात्री जमीन वेगाने थंड होते, तिच्यालगतची दमट हवा गारठते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात. कालवे, ओलीत शेते आणि हिवाळी पाऊस यांमुळे ओलाव्याची वाण नसते. असे धुके शेकडो किलोमीटर पसरू शकते आणि ते सर्वाधिक दाट होते पहाटेपासून सूर्योदयानंतरच्या तासा-दोन तासांपर्यंत.

येथेच आपली एक जुनी सवय आड येते. 'उजाडायच्या आत निघू, म्हणजे रस्ता मोकळा मिळेल', ही आपल्या घराघरांतील प्रवासाची रीत. पुण्याहून कोल्हापूरला जाताना ती सोयीची असेलही. पण जानेवारीत चंडीगडहून अंबाला, कर्नाल, पानिपतमार्गे दिल्लीस निघणाऱ्याने ती पाळली, तर तो नेमका सर्वांत धोक्याच्या वेळी महामार्गावर असतो. थंडीच्या दिवसांत ऊन वर आल्यावर निघावे आणि अंधारापूर्वी मुक्काम गाठावा, हेच शहाणपणाचे.

पहाटेचा दुसरा शत्रू म्हणजे झोप. मध्यरात्रीनंतरच्या प्रहरांत शरीराची सावधता स्वभावतःच मंदावते. चहा किंवा गाणी यांनी ती फार वेळ टिकत नाही. 'फ्लॉप शो'मधून देशाला हसविणारे, चंडीगडचे लाडके विनोदकार जसपाल भट्टी यांचा २५ ऑक्टोबर २०१२ रोजी, उजाडण्यापूर्वीच्या काळोखात, जालंधर जिल्ह्यातील शाहकोटजवळ मोटार झाडावर आदळून अंत झाला. ते आपल्या नव्या चित्रपटाच्या प्रचारदौऱ्यावर होते. कार्यक्रम कितीही महत्त्वाचा असो, रात्रीचा प्रवास टाळता येत असेल तर टाळावा, हे अशा घटनांतून शिकावयाचे.

वेगाचा हिशेब

हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत दृश्यमानता २०० मीटरपेक्षा कमी झाली की धुके 'दाट' आणि ५० मीटरपेक्षा कमी झाली की 'अतिदाट' म्हटले जाते. आता साधा हिशेब करून पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सरतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबण्यास सुमारे ३५ मीटर लागतात. एकूण झाले ५७ मीटर. ओल्या रस्त्यावर हाच आकडा ८० मीटरच्या पुढे जातो. दिसते मात्र ५० मीटरच! ताशी ४० किलोमीटरवर कोरड्या रस्त्यावर सुमारे २० मीटर आणि ओल्या रस्त्यावर २५ मीटरच्या आसपास पुरतात. खात्यात शिल्लक असेल तेवढ्याच रकमेचा धनादेश लिहावा, तसे दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल असा वेग ठेवावा.

काही पथ्ये

१. दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. फॉग लॅम्प असल्यास लावावेत.

२. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये. वळण्याची खूण मागच्याला कळत नाही. थांबावे लागल्यास रस्त्यापासून दूर उभे राहून मग ते लावावेत.

३. पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून अगदी मागे जाऊ नये. रस्त्याच्या कडेची पांढरी रेषा अधिक भरवशाची.

४. धुक्यात वेगाचा अंदाज चुकतो. स्पीडोमीटरकडे वरचेवर पाहावे.

५. काचा आतून-बाहेरून स्वच्छ असाव्यात. आतील दमटपणा वातानुकूलन यंत्राने घालवावा.

६. उसाच्या ट्रॉल्या येथेही आहेत आणि सांगली-कोल्हापूरकडेही. मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात भिंतीसारखी उभी ठाकते. ट्रॅक्टरधारक ग्राहकांनी ट्रॉलीस परावर्तक पट्ट्या अवश्य लावाव्यात.

७. पावसात रस्त्यावरून पाणी वाहत असल्यास पुढे जाऊ नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या पुरात गेल्या. रात्रीच्या पावसात पुढचा रस्ता शाबूत आहे, असे गृहीत धरता येत नाही.

८. मागे बसलेल्यांनीही सीटबेल्ट लावावा.

अपघात झालाच तर

पहिला तास मोलाचा असतो. ११२ क्रमांकावर मदत मागावी. जखमीस मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, म्हणून कचरू नये. अपघातग्रस्तांवर रोकडविरहित उपचारांचा प्रायोगिक उपक्रम १४ मार्च २०२४ रोजी चंडीगडमध्येच सुरू झाला. २०२५ मध्ये ही योजना देशभर लागू झाली असून तीत सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांच्या उपचारांची तरतूद आहे.

आणि आमच्या काउंटरवरची एक गोष्ट. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बचत खातेदारास वर्षाला अवघ्या २० रुपयांत दोन लाख रुपयांचे अपघाती विमाछत्र मिळते. हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो; मेअखेरीस तेवढी शिल्लक नसली, तर छत्र तुटते. वारसाची नोंद करावी आणि या पॉलिसीची माहिती घरच्यांना सांगून ठेवावी. ज्यांच्यासाठी विमा घेतला त्यांनाच तो ठाऊक नसेल, तर त्याचा उपयोग काय?

अर्थात, विमा पैसे देतो, माणूस परत देत नाही. तासाभराचा उशीर घरचे सहज समजून घेतात. तेव्हा वाचकहो, या हिवाळ्यात थोडे उशिरा निघा, सावकाश जा आणि सुखरूप घरी पोहोचा.